भिंतीकडे की खिडकीकडे

जिन्याखालून कुरकुर ऐकू येते ना, ती उंदरांची नाही. मी बोलतेय. मी एक जादाची खाट.

'जादाची' हे काही नाव नव्हे, पण मला दुसरं नावच नाही. या हॉटेलात सव्वीस खोल्या आहेत आणि प्रत्येक दारावर पितळी आकडा आहे. खोल्यांतले पलंग त्याच आकड्यांनी ओळखले जातात. एकशे चारचा पलंग, दोनशे सातचा पलंग. खुर्च्यांना, आरशांना, अगदी कचऱ्याच्या डब्यांनासुद्धा तळाशी रंगाने खोलीचा आकडा घातलेला आहे. माझ्यावर आकडा नाही. गरज पडेल त्या खोलीत मी सगळ्यांत शेवटी जाते आणि सकाळ झाली की सगळ्यांत आधी बाहेर येते. हॉटेलच्या माहितीपत्रकासाठी फोटो काढले, त्या दिवशी मला जिन्याखाली ढकलून वर जुनी चादर टाकली होती. आलेच फोटोत तर खोली लहान दिसेल, असं मॅनेजरसाहेब म्हणाले.

रडगाणं गायला बसलेली नाही मी. पण आता माझा इथला थोडाच वेळ राहिलाय, आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय जायचं नाही असं मी ठरवलंय.

माझा जन्म एका वेल्डरच्या शेडमध्ये झाला. तो एरवी दवाखान्यांच्या खाटा बनवायचा. या हॉटेलवाल्यांनी त्याला घडीच्या चार खाटा सांगितल्या, त्यातली मी शेवटची. लोखंडी नळीची चौकट, मधोमध बिजागरी, खाली चार चाकं, वर चार बोटं जाडीची गादी आणि घडी घातल्यावर बांधायला एक पट्टा. वेल्डरची एक सवय होती. खाट गिऱ्हाइकाला देण्याआधी तो स्वतः तिच्यावर आडवा व्हायचा.

"दुपारी झोपायला बरं निमित्त सापडलंय," त्याची बायको म्हणाली.

"झोपतोय कुठे? तपासतोय."

"डोळे मिटून?"

"खाट पाठीने तपासतात. डोळ्यांना काय कळतं त्यातलं?"

अर्धा तास तपासून तो उठला. मला थोडं ढकलून बघितलं आणि म्हणाला, "झाली चांगली. फक्त एक चाक डाव्या अंगाला ओढतंय. असू दे."

ते 'असू दे' मला जन्मभर पुरलं. मला सरळ ढकललं तरी मी डावीकडे जाते. या हॉटेलातल्या प्रत्येक बोळातल्या डाव्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर एक ओरखडा आहे. तो माझा. माझं हस्ताक्षर म्हणा हवं तर.

माझ्या तीन बहिणी फार टिकल्या नाहीत. एकीचा पाय मोडला. एक मॅनेजरसाहेबांच्या घरी पाहुणे आले म्हणून गेली, पाहुणे परतले पण ती नाही परतली. एक पहारेकऱ्याच्या खोलीत कायमची राहिली. मी एकटी उरले. काउंटरच्या मागे जिना आहे, त्या जिन्याखाली शिडी, बादल्या आणि एक हात तुटलेली खुर्ची यांच्यामध्ये मी घडी घालून उभी असते. तिथून काउंटरवरचं सगळं ऐकू येतं. ऐकण्याखेरीज दुसरं काम नसलं की कान तयार होतात.

माझ्यावर कोण झोपतं, सांगू? तान्ही बाळं नाहीत. ती आईच्या कुशीत मावतात. मोठी माणसंही नाहीत. त्यांना आकड्याचा पलंग मिळतो. माझ्यावर झोपणारी जवळजवळ सगळी अकरा ते सतरा वर्षांची. जी मावत नाहीत, ती.

काउंटरवरच्या फॉर्मवर दोन रकाने आहेत. मोठे किती, लहान किती. चौदा वर्षांच्या मुलीने यातल्या कुठल्या रकान्यात उभं राहायचं? बॅगा उचलायच्या वेळी तिला ऐकवलं जातं, 'घोडी झालीस, धर की जरा.' झोपायची वेळ आली की तीच 'लहान आहे हो, मावेल कुठेही.' कुठेही म्हणजे कुठे? दोन गाद्यांच्या फटीत? बापाच्या घोरण्याच्या आणि भावाच्या लाथांच्या मध्ये? अशा कितीतरी पोरांना मी काउंटरपाशी मान खाली घालून उभं असलेलं ऐकलंय. हो, ऐकलंय. गप्प बसण्याचाही आवाज असतो.

त्यांना काही विचारणारं एकच माणूस या हॉटेलात होतं, आमची मावशी. खोल्या लावणाऱ्या बायांची मुख्य. तिचा स्वतःचा एक नियम होता. मला खोलीत नेलं की ती पट्टा सोडायच्या आधी थांबायची. आईबापांकडे बघायचीच नाही. जे पोर माझ्यावर झोपणार त्याच्याकडे बघून विचारायची, "भिंतीकडे लावू की खिडकीकडे?"

एवढंच. पण त्या एका प्रश्नाने त्या पोराची मान वर व्हायची. कुणी लगेच सांगायचं, कुणी विचार करायला वेळ घ्यायचं. एकदा एका आईने मध्येच उत्तर दिलं, "लाव गं कुठेही." मावशी म्हणाली, "झोपणार तुम्ही आहात का, ताई?" आणि पुन्हा पोराकडे वळली.

आता त्या चौघांबद्दल सांगते. आई, बाबा, थोरली आणि धाकटी.

ते पहिल्यांदा आले तेव्हा थोरली नऊ वर्षांची होती, धाकटी पाच. सुट्टीत आजोळी जाताना त्यांना इथे गाडी बदलावी लागायची, म्हणून एका रात्रीचा मुक्काम. काउंटरवर आमचे काका असतात, कपाळावर चष्मा चढवून तोच चष्मा टेबलभर शोधणारे. त्यांनी विचारलं, "जादाची खाट देऊ?"

"कशाला? आम्ही आडवे झोपतो," आई हसत म्हणाली.

आडवे म्हणजे पलंगाच्या लांबीत नाही, रुंदीत. चौघांची डोकी एका कडेला, पाय दुसऱ्या कडेला. तसं झोपलं की दोघांच्या पलंगावर चौघं मावतात. मोठ्यांचे पाय बाहेर लोंबतात, त्यांच्याखाली खुर्च्या ओढून घ्यायच्या. दुसऱ्या दिवशी मावशी वरून हसतच खाली आली. "चहा द्यायला गेले तर खुर्च्यांवर पायच पाय. उठायचं नाव नाही कुणाचं. धाकटी म्हणते, आम्ही बरणीतलं लोणचं आहोत."

खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. त्यांना माझी गरजच नव्हती. जिन्याखाली उभ्या उभ्या मनात आलं, अशा माणसांत एकदा तरी जायला मिळावं.

मिळालं. पण कसं मिळालं ते ऐका.

चार वर्षांनी बाबांनी काउंटरवर नेहमीसारखं सांगितलं, "दोन मोठे, दोन लहान."

"वयं?" काकांनी विचारलं.

"ही नऊ, आणि ही… अकराची असेल."

"बाबा, तेरा," थोरली म्हणाली. "परवाच झाले. केक तुम्हीच आणला होता."

बाबा खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की ती अकराची आहे. मधली दोन वर्षं त्या माणसाने कुठेतरी दुसरीकडेच घालवली होती. काकांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, 'बारा वर्षांवरच्याला वेगळी खाट' या नियमावर बोट ठेवलं आणि मला बाहेर काढलं.

मावशीने थोरलीला विचारलं, "भिंतीकडे की खिडकीकडे?"

"खिडकीकडे."

मी खिडकीखाली लागले. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की पलंगावर आता तिघंच होते तरी जागा पुरत नव्हती. आई एका टोकाला, बाबा दुसऱ्या टोकाला, मध्ये धाकटी आणि तिच्या दोन्ही बाजूंना हातभर रिकामी चादर. आडवं झोपायची गोष्ट कुणी काढली नाही. मोठी माणसं एकमेकांशी फक्त वस्तूंबद्दल बोलत होती. किल्ली कुठाय. टॉवेल वाळत घातला का. थोरली खिडकीकडे तोंड करून पडली होती आणि काचेत तिला ते सगळं दिसत होतं.

पुढच्या वर्षी ते आले ते दोन गाड्यांनी. आईचं घर आता एका शहरात होतं, बाबांचं दुसऱ्या, आणि आमचं गाव नेमकं मध्ये. मुली आईकडे राहायच्या. सुट्टीत दोन दिवस बाबांची भेट व्हायची, ती इथे. दोन खोल्या, दोनशे सात आणि दोनशे अकरा. एकाच बोळात, मध्ये तीन दारं.

आता माझी पंचाईत समजून घ्या. दोन्ही खोल्यांत दोघांचे पलंग. मी आईच्या खोलीत गेले, तर दोघी मुली आईजवळ आणि बाबा एकटे. मी बाबांच्या खोलीत गेले, तर थोरली माझ्यावर, बाबांजवळ. मग धाकटी आईजवळ आणि बहिणी वेगळ्या. हॉटेलात धड अवस्थेतली खाट एकच, ती म्हणजे मी. माझी चाकं जिकडे वळतील तिकडे थोरलीचा कौल, असा त्याचा अर्थ व्हायचा. मी लोखंडाची आहे. असलं ओझं मला वेल्डरने सांगितलं नव्हतं.

त्या पहिल्या वर्षी आईने मला आपल्या खोलीत मागवून घेतलं. संध्याकाळी बाबा भेटायला आले आणि बसायला दुसरी जागा नाही म्हणून माझ्या कडेवर बसले. माणूस अवघडलेला असला की कडेवरच बसतो, मध्ये नाही.

"झोप लागते का गं हिच्यावर?"

"मध्ये दांडा टोचतो," थोरली म्हणाली. "पण बरं वाटतं. फक्त वाचता येत नाही. आई लवकर दिवा घालवते."

"मग काय जत्रा भरवू?" आई पलंगावरून म्हणाली. धाकटी हसली. बाबांनी नुसतं 'हं' केलं. मला वाटलं, ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

दुसऱ्या वर्षी ती चूक झाली.

आईने फोनवर आपल्या खोलीसाठी खाट सांगितली. काकांनी नेहमीप्रमाणे मावशीच्या चिठ्ठीवर आडनाव लिहिलं आणि पुढे 'जादाची खाट'. एरवी तेवढं पुरतं. पण या दोन्ही खोल्या एकाच आडनावावर होत्या. नवराबायको वेगळे झाले तरी आडनाव एकच राहिलं होतं. मावशीच्या हाताखालची एक बाई आली नव्हती, सगळ्या खोल्या तिच्या एकटीवर पडल्या होत्या. तिने यादीत त्या आडनावापुढे आधी दिसला तो आकडा धरला, दोनशे अकरा. विचारायला थोरली समोर नव्हती. गेली दोन वर्षं ती खिडकीकडे म्हणाली होती, म्हणून मावशीने मला खिडकीखाली लावलं, चादर घातली, उशी फुगवून ठेवली आणि पुढच्या खोलीकडे पळाली. उभ्या आयुष्यात तिने न विचारता लावलेली खाट ती एकच.

बाबा आधी आले. दार उघडून आत आले आणि मला बघून तिथेच थांबले. मग त्यांनी बॅग खाली ठेवली. माझ्या चादरीवरून हात फिरवला, सुरकुती नव्हती तरी. बॅगेतून एक छोटं खोकं काढलं. त्यात वाचायचा दिवा होता, चिमट्याचा, कशालाही अडकवता येतो तसला. ते 'हं' वर्षभर त्यांच्या डोक्यात राहिलं होतं तर. त्यांनी तो दिवा माझ्या डोक्याकडच्या नळीला अडकवला, लावून बघितला, बंद केला. परत लावून बघितला. मग खाली गेले. काकांशी बोलताना त्यांचा आवाज जिन्यावरून वर येत होता.

"या वेळी थोरली माझ्याकडे आहे."

त्या आवाजात एवढा आनंद होता, की मला माझ्या चाकांची लाज वाटली.

मग आई आणि मुली आल्या. दोनशे सातमध्ये खाट नाही, दोनशे अकराचं दार उघडं आणि आत मी, नटूनथटून. आई दारातच उभी राहिली. दिवा बघितला. मग थोरलीकडे बघितलं.

"मला सांगितलं असतंस तरी चाललं असतं," आई म्हणाली. "लपवायचं काय त्यात?"

"मी नाही सांगितलं कुणाला."

"मग आपोआप चालत आली ही खाट?"

तेवढ्यात बाबा वर आले. "अगं, तिला राहायचं असेल तर राहू दे ना. वर्षातून दोन दिवस."

"तिला की तुम्हाला?"

"तिलाच विचार."

आणि दोघांनी एकदम तिच्याकडे बघितलं. "सांग, कुठे झोपणार आहेस तू?"

पंधरा वर्षांची पोर. बोळाच्या मधोमध उभी, खांद्यावर बॅग, हातात धाकटीचा हात. तिला आयुष्यात पहिल्यांदा त्या दोघांनी मिळून काही विचारलं होतं, आणि ते हे.  बॅग तिथेच ठेवून जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली. धाकटी तिच्याशेजारी जाऊन बसली आणि उगाचच बुटाची नाडी सोडून परत बांधू लागली.

मावशीला कळलं तशी ती धावत वर आली. चिठ्ठी दाखवली. "चूक माझी आहे. मी विचारलं नाही. तिचा काही संबंध नाही यात." एवढ्यावर भांडण मिटायला हवं होतं. मिटलंही. पण भांडण मिटलं की जे उरतं, ते फार वाईट असतं. आईला कळलं की आपण मुलीवर उगाच शंका घेतली. बाबांना कळलं की मुलीने त्यांना निवडलं नव्हतं. कुणीच निवडलं नव्हतं. एक चिठ्ठी फक्त चुकली होती.

मला तिथून काढायचं ठरलं. मावशी ढकलू लागली आणि मी माझ्या स्वभावाप्रमाणे डावीकडे निघाले. तेव्हा बाबांनी पुढे येऊन माझं डावं टोक उचलून धरलं. त्या बोळातून मी पहिल्यांदा सरळ गेले. चाकं कुरकुरत होती, सगळे बघत होते. दोनशे सातच्या उंबऱ्यापर्यंत त्यांनी मला आणलं, मग टोक हलकेच खाली ठेवलं आणि उंबऱ्याबाहेरच थांबले. दिवा नळीवर तसाच होता. तो त्यांनी काढून घेतला नाही.

थोरलीने तो लावला नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी माझी घडी घालायला आली तेव्हा थोरली एकटीच खोलीत होती.

"रागावलीस का गं माझ्यावर?" मावशीने विचारलं.

"नाही. पण पुढच्या वेळी मला विचारा."

"विचारीन की. शंभरदा विचारीन."

"पण मी सांगणार काय?" ती म्हणाली. "इकडे म्हटलं तरी चूक, तिकडे म्हटलं तरी चूक."

मावशीने पट्टा ओढून बांधला.  

ते वर्ष मी जिन्याखाली त्याच विचारात काढलं. बादल्या आल्या, गेल्या. शिडी दिवे बदलायला जायची आणि परत येऊन माझ्या अंगावर रेलायची. अधूनमधून मीही कुठल्या खोलीत जाऊन आले. पण कान काउंटरवर होते.

सुट्टी जवळ आली आणि एक दिवस फोन वाजला. काकांचं बोलणं तेवढं मला ऐकू येत होतं.

"हो, दोनशे सात आणि दोनशे अकरा, दोन्ही लिहिल्यात… काय? तिसरी? … बाळ, घरातलं मोठं माणूस कुणी आहे का शेजारी? … तूच? … बरं. बरं… एका माणसाची खोली आहे, दोनशे नऊ, पण ती म्हणजे अगदी काडेपेटी. पलंगही एकाच माणसाचा… जादाची खाट? थांब, विचारून सांगतो."

काकांनी फोनवर हात ठेवून मावशीला हाक मारली. "दोनशे नऊमध्ये खाट मावेल का?"

मावशी झाडू घेऊन वर गेली. परत येऊन झाडूच्या दांड्यावर अंगठा धरून तिने माझी रुंदी मोजली. दोनदा मोजली.

"मावेल," ती म्हणाली. "दार उघडायला वीतभर जागा उरेल. सांगा तिला, मावेल."

दोनशे नऊ. सात आणि अकराच्या बरोबर मध्ये.

त्या दिवशी दुपारी तिघी आल्या. पाठोपाठ बाबा आले. थोरलीने काउंटरपाशी उभं राहून एका दमात सांगितलं. 

"आई, तू दोनशे सात. बाबा, तुम्ही दोनशे अकरा. आम्ही दोघी दोनशे नऊमध्ये."

आई पुढे झाली. "म्हणजे माझ्या खोलीत मी एकटी?"

"हो. आणि बाबाही एकटे. आजपर्यंत कुणीतरी एकजण एकटं पडायचं आणि ते मी ठरवल्यासारखं व्हायचं. आता मी ते नाही ठरवणार. आम्ही दोघी एकत्र राहू. तुम्हाला आमच्याकडे यायचं असेल तर या. दोघंही या. दार वाजवून."

"अगं, पण लहान आहात तुम्ही—" बाबा म्हणाले.

"बाबा, मी किती वर्षांची आहे?"

 बाबांनी मनात मोजलं असावं. "सोळा," ते म्हणाले.

"बरोबर."

आई काउंटरची कड धरून उभी होती. मला वाटलं, आता ही नाही म्हणणार आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार. थोरलीने एवढा फोन केला, एवढं ठरवलं, सगळं या एका शब्दावर होतं. आईने मुलीकडे पाहिलं. मग काकांना म्हणाली, "दोनशे नऊची किल्ली द्या. हिच्याच हातात द्या."

मावशीने मला वर नेलं. दोनशे नऊ खरंच काडेपेटी होती. दार, पलंग, खिडकी, संपलं. पट्टा सोडायच्या आधी मावशी थांबली. पण या वेळी तिने थोरलीला नाही, धाकटीला विचारलं.

"तू सांग गं. भिंतीकडे लावू की खिडकीकडे?"

धाकटी बारा वर्षांची झाली होती. तिला आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं. ती नेहमी कुणाच्या तरी शेजारी असायची. तिने माझ्याकडे बघितलं, पलंगाकडे बघितलं.

"पलंगाकडे," ती म्हणाली.

हे उत्तर मावशीने कधी ऐकलं नव्हतं. मीही नाही. मी पलंगापेक्षा चार बोटं बुटकी आहे. मावशीने दोन घोंगड्या घडी करून माझ्या गादीखाली सारल्या आणि मला पलंगाला चिकटवलं. फटीत एक रजई दाबली. वरून दोघींवर मिळून एकच मोठी चादर ओढली. कुठे मी संपते आणि कुठे पलंग सुरू होतो, ते दिसेनासं झालं. एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदा जादाची नव्हते.

संध्याकाळी दार वाजलं. आधी आई आली. थोड्या वेळाने पुन्हा वाजलं, बाबा. बसायला खुर्ची नव्हती, खुर्चीला जागाच नव्हती. धाकटी भिंतीला पाठ टेकून आडवी बसली होती. तिने नुसतं अंग सरकवलं. आई एका टोकाला बसली, बाबा दुसऱ्या टोकाला, मध्ये दोघी. चौघांच्या पाठी भिंतीला, चौघांचे पाय बाहेर.

"तुझे पाय माझ्याएवढे झाले की गं," आई थोरलीला म्हणाली.

"पुढे गेलेत," बाबा म्हणाले. "नीट बघ."

ती दोघं एकमेकांशी बोलली ते एवढंच. गोड शेवट म्हणून मी तुम्हाला फसवणार नाही. ती दोघं पुन्हा एक झाली नाहीत, व्हायला हवीच होती असंही नाही. नऊ वाजता आई उठून सातमध्ये गेली, बाबा अकरामध्ये. पण त्या तासाभरात कुणी कुणाला निवडलं नाही आणि कुणी कुणाला सोडलंही नाही. ते गेल्यावर थोरलीने बॅगेतून गेल्या वर्षी बरोबर नेलेला तो दिवा काढला, माझ्या नळीला अडकवला आणि लावला. धाकटी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून तेच पान वाचत होती.

पुढच्या वर्षीही ते तसेच आले. त्यानंतर थोरली शिकायला लांब गेली. मग कुणीच आलं नाही. बरोबरच आहे. पोरं मोठी होतात, त्यांना आकड्याचे पलंग मिळतात. माझ्यावर झोपलेलं पोर मोठं होऊन मला भेटायला आलं, असं आजवर झालं नाही. मीही वाट बघत नाही, म्हणजे, बघत नाही असं म्हणते.

मावशी गेल्या वर्षी काम सोडून मुलीकडे राहायला गेली. जाताना घाईत होती, जिन्याखाली डोकावली नाही. आता खोल्यांत सोफे आलेत, ओढले की त्यांचा पलंग होतो. त्यांच्या तळाशी रंगाने आकडे घातलेत. ते भिंतीला ठोकलेले आहेत. कुठे लावू, हा प्रश्नच उरला नाही, असं मॅनेजरसाहेब कौतुकाने सांगतात. मला त्याचीच धास्ती वाटते.

म्हणून सांगते. तुम्ही हॉटेल चालवत असाल, नाहीतर उद्या मुलांना घेऊन प्रवासाला निघणार असाल. खोली मागताना 'मोठे किती, लहान किती' एवढ्यावर थांबू नका. जे पोर दोन्ही रकान्यांच्या मध्ये उभं आहे, त्याला खरं वय सांगू द्या. 'मावेल कुठेही' म्हणू नका. माणूस कुठेही मावत नसतं. त्याला जागा विचारावी लागते, आणि ते जे सांगेल त्याप्रमाणे पलंग हलवावे लागतात. चार बोटांचा फरक असला तर खाली दोन घोंगड्या घाला. त्याला काही फार लागत नाही.

उद्या भंगारवाला येणार आहे. मला जिन्याखालून ओढतील, मी डावीकडे जाईन, भिंतीवर शेवटचा ओरखडा उठेल. माझ्या डोक्याकडच्या नळीवर चिमट्याच्या दोन खुणा आहेत, रंग खरवडलेला. तेवढं सोबत येईल.

त्याच्या वखारीत मला कुठे टाकायचं, हे मला कुणी विचारणार नाही. तरी सांगून ठेवते.

खिडकीकडे.